फुटलेली वाद्यं पोलिस ठाण्यातून लवकर सोडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परळमधल्या एका संगीत वर्गात झालेल्या तोडफोडीची बातमी आपल्या अंकात आली होती. सोबत उताण्या पडलेल्या पेटीचा फोटो आणि त्याखाली 'सर्व वाद्ये नष्ट' अशी ओळ. ती वाद्यं त्या रात्री नष्ट झालेली नाहीत. मी ती हातात घेऊन पाहिली आहेत. नष्ट होत असतील तर आता होताहेत, पोलिस ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, प्लास्टिकच्या गोण्यांमध्ये. म्हणून हे पत्र.

मी पेटी-तबल्याची दुरुस्ती करतो. लालबागला एका चाळीच्या जिन्याखाली माझा गाळा आहे. वडील गिरणीत सुतारखात्यात होते आणि भजनी मंडळांच्या पेट्या फावल्या वेळात दुरुस्त करायचे. १९८२ च्या संपानंतर फावला वेळच वेळ झाला, तेव्हा तोच धंदा झाला. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो. या वर्गाची वाद्यं आमच्याकडे तेव्हापासून येतात. दर दिवाळीच्या आधी पेट्या उघडायच्या, पावसाळ्याची ओल काढायची, सूर लावून परत पाठवायच्या, असा रिवाज. त्यामुळे कुठल्या पेटीचा भाता कुठे कण्हतो आणि कुठल्या पेटीची काळी चार (चौथी काळी पट्टी) दर वर्षी सुरातून उतरते, हे मला न उघडता सांगता येतं. नुकसानीचा अंदाज लिहून द्यायला चिटणीसांनी मलाच बोलावलं, ते यामुळे.

काय झालं ते थोडक्यात. वर्ग एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत संध्याकाळी भरतो. सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींना कडी उचकटलेली दिसली. आत चार पेट्या, तबल्याचे तीन जोड आणि दोन तंबोरे फोडलेले. कपाटावर ठेवलेल्या पखवाजाला कुणाचा हात पोचला नव्हता. चोरी झालेली नाही. तांब्याचे डग्गे होते तिथेच लोळत होते, आणि तांब्याला भंगारात काय भाव येतो हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तिघे सापडले. त्यांतले दोघे अठराच्या आतले आहेत. त्यांनी हे का केलं याची कारणं गल्लीत हवी तितकी ऐकायला मिळतात. मला एकही पटलं नाही, म्हणून लिहीत नाही.

पंचनाम्यात असं आहे: हार्मोनियम ४ नग, तुटलेल्या स्थितीत. तबला-डग्गा ६ नग, फाटलेले. तंबोरे २ नग, फुटलेले. असं ओळीने लिहिलं की सगळ्यांना सारखंच लागलंय असं वाटतं. तसं ते नाही, आणि पुढचं सगळं या फरकावर अवलंबून आहे.

तबल्यांपासून सुरुवात करतो, कारण फोटोत तेच सगळ्यात भयंकर दिसतात. प्रत्येक पुडीवर, म्हणजे वाजवायच्या चामड्यावर, ब्लेडने फुली मारलेली. शिकवणाऱ्या बाई ते बघून तिथेच खाली बसल्या. मी त्यांना म्हटलं, बाई, यात रडण्यासारखं काही नाही. पुडी हा बदलायचाच भाग असतो. घामाने जाते, ओलीने जाते, एखादवेळी उंदीरही कुरतडतो. खाली शिसवीचं खोड आहे, त्याला ओरखडासुद्धा नाही. नवी पुडी बसवायची, वाद्या (चामड्याच्या पट्ट्या) ओढायच्या, त्यांच्याखालचे गठ्ठे (लाकडी ठोकळे) सारखे करायचे, गजऱ्यावर (पुडीच्या काठावर) हातोडी फिरवून सुरात आणायचा. हजार-दीड हजारात एक तबला उभा राहतो. एका डग्ग्याला पोचा आलाय, तो आतून ठोकून निघेल. शाईचं, म्हणजे पुडीवरच्या काळ्या टिकलीचं, काम मात्र वेळ खातं. लोखंडाचा कीस आणि खळ यांचा लेप, थरावर थर, आणि प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटत राहायचं, शाईवर बारीक जाळी उठेपर्यंत. नवखे लोक ती जाळी बघून शाई तडकली म्हणून तक्रार घेऊन येतात. ती जाळी उठली नाही तर तबला बोलत नाही. असो. तबल्यांची काळजी मला नाही.

पेट्यांपैकी दोघींची फक्त झाकणं आणि बोटांखालच्या काही पट्ट्या गेल्यात. तिसरीचा भाता कापलाय. पुठ्ठा, कापड आणि चामड्याच्या घड्यांचं ते काम, नवा भाता घालता येतो. चौथी पेटी वेगळी आहे. वर्ग सुरू करणाऱ्या बुवांनी ती कुठल्याशा नाटक कंपनीच्या सामानातून जुनी म्हणून विकत घेतली होती. तीन सुरांची आहे, म्हणजे दर पट्टीला खर्ज, नर आणि मादी असे तीन रीड, आणि आतले सूर जर्मन आहेत. त्या पेटीचं झाकण उघडून पोरांनी आत कोल्ड्रिंक ओतलं.

पेटीत बोलतो तो सूर, म्हणजे रीड. पितळेची छोटी पट्टी, तिला लांबट खाच, आणि खाचेवर एका टोकाला पक्की केलेली पितळेचीच पातळ जीभ. भात्याची हवा खाचेतून जाऊ लागली की जीभ थरथरते आणि सूर निघतो. जीभ आणि खाच यांच्यामध्ये केसाएवढी फट. तीत साखरेचं पाणी सुकलं की सूर मुका होतो. पण त्याच दिवशी पेटी उघडून, एकेक पट्टी सोडवून, धुऊन-पुसून वाळवली तर काही बिघडत नाही. असली पेटी मी वाचवलेली आहे. एका भजनी मंडळात चहाची अख्खी किटली उपडी झाली होती आत. तशीच बंद ठेवली तर मात्र पितळेला हिरवा कळंक चढतो आणि जीभ खातो. तो खरवडावा तर धातू जातो, आणि धातू गेला की सूर हलतो. टोकाकडे घासलं तर चढतो, बुडाकडे घासलं तर उतरतो. सूर लावतानाही आम्ही हेच करतो, पण हिशेबाने, कानाने ऐकत. कळंक खरवडायला लागलं की जीभ पातळ होत जाते आणि एक दिवस मोडते. हल्लीच्या पेट्यांत गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर असतात. चांगले असतात, मी नेहमी बसवतो. पण जुन्या जर्मन सुरांचा गोलावा त्यांना नाही, आणि ते सूर आता मिळतात ते फक्त दुसऱ्या एखाद्या जुन्या पेटीचं पोट फाडून.

पेटी हे वाद्य तसं चिवट. रेडिओने १९४० साली तिला दाराबाहेर काढलं, श्रुती (स्वरांमधल्या बारीक पायऱ्या) निघत नाहीत, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) निघत नाही म्हणून. ती बंदी १९७१ साली अंशतः उठली. तेवढी वर्षं पेटी काय घरी रडत बसली होती का? परळ-लालबागच्या भजनांत, नाटकांत, घरोघरच्या शिकवण्यांत वाजतच होती. ब्लेड आणि कोल्ड्रिंकलाही ती पुरून उरेल. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जुलै महिनाभर जमिनीवर ठेवलेली पेटी कशी उरेल, ते मला सांगता येत नाही.

आता तंबोरे. खरं नुकसान तिथे झालंय. दोन्ही मिरजेचे, एक मोठा आणि एक जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा लहान. मोठ्याच्या दांडीला चीर आहे आणि भोपळ्यात लाथ बसलीय. जनानीचा भोपळा एका बाजूने पार चेचलाय. हा भोपळा भाजीचा नव्हे. तो मुद्दाम मोठा होऊ देतात, वेलावरच पिकवतात, मग महिनोन्महिने वाळवतात. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून तो मिरजेला येतो. मिरजेत तंबोरे-सतारी घडवण्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची. फरीदसाहेब शिकलगार यांचं घराणं मूळचं हत्यारांना धार लावणारं. तलवारींचे दिवस सरले तसे ते वाद्यांकडे वळले आणि पुढच्या पिढ्या सतारमेकर झाल्या. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मानांकन मिळालं तरी भोपळ्याच्या आकाराला आणि जाडीला कुणाचा इलाज नाही. जुन्या तंबोऱ्याला जोडीचा भोपळा मिळणं हा नशिबाचा भाग असतो.

पण फुटलेला भोपळा सांधता येतो, आणि चांगला सांधता येतो. तबली (भोपळ्यावरची लाकडी फळी) उचलायची, आतून हात घालायचा, कपची कपचीला भिडवत जायचं, आणि आतल्या बाजूने कापडाच्या पट्ट्या चिकटवत यायचं. वरून रंग आणि चपड्याचं पॉलिश झालं की सांगितल्याशिवाय कळत नाही. आवाजात किंचित फरक पडतो, तो गाणाऱ्याला कळतो, ऐकणाऱ्याला नाही. यासाठी एक गोष्ट लागते: सगळ्या कपच्या. अगदी नखाएवढीसुद्धा.

पंचनामा चालू असताना मी तिथे पोचलो तेव्हा एक शिपाई मोठे तुकडे गोणीत भरत होता आणि मावशी उरलेला चुरा सुपलीत घेत होत्या. मी ओरडलोच. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मी खाली बसलो आणि त्या सुपलीतून भोपळ्याच्या कपच्या निवडायला लागलो. भोपळ्याची कपची बाहेरून चमकते आणि आतून खरबरीत असते, बोटाला कळते. काचेचे तुकडे वेगळे, पट्ट्यांवरचा सेल्युलॉइड वेगळा, तबलीवरच्या नक्षीची दोन पानं सापडली ती वेगळी. शिपायाला आधी मी वेडा वाटलो असेन. मग तोही उकिडवा बसून मदत करायला लागला. खिडकीखाली एक मोठी कपची त्यालाच मिळाली. मी म्हटलं, ह्या माझ्याकडे ठेवतो, कागदात बांधून. साहेब म्हणाले, नाही, मुद्देमाल आहे, तोही जाईल. बरोबर आहे, त्यांच्या कायद्याने जायलाच हवा. त्या कपच्याही गोणीत गेल्या, गोणीला सुतळी, सुतळीला लाखेचं सील.

मग अंदाजपत्रक. हवालदार म्हणाले, बाजारभाव लिहा आणि वापराचा घसारा वजा करा. खुर्च्या-टेबलांना हे ठीक. तंबोऱ्याचं लाकूड जसं मुरतं तसा तो खुलतो, त्याचा घसारा कसा काढायचा? आणि त्या जर्मन सुरांच्या पेटीची किंमत घसारा धरून शून्याच्या खाली जाईल. मी दोन रकाने आखले: दुरुस्तीला लागेल तो खर्च, आणि दुरुस्त होणार नाही त्याच्या बदली तसंच वाद्य आज आणायचं तर लागेल तो खर्च. साहेबांनी डोकं खाजवलं, पण घेतलं.

या आकड्याचं महत्त्व मला नंतर समजलं. नव्या न्याय संहितेत तोडफोडीचं कलम ३२४. नुकसान वीस हजारांच्या खाली, वीस हजार ते एक लाख, किंवा लाखाच्या वर, तशी शिक्षेची कमाल मर्यादा बदलत जाते. हे माझ्या आधी इतरांना समजलं असावं. कारण त्याच आठवड्यात एका पोराचे वडील गाळ्यावर आले, आकडा जरा खाली घ्या म्हणाले. साधा माणूस, कुरिअरचं काम करतो. आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या समितीतले एक सद्गृहस्थ आले, आकडा लाखाच्या वर न्या, धडा शिकवायचाय म्हणाले. दोघांनाही चहा पाजला. आकडा आहे तोच आहे. पुडीला पुडीचे पैसे आणि भोपळ्याला भोपळ्याचे. पोरांना किती शिक्षा व्हावी ते ठरवायला वेगळी माणसं बसली आहेत.

त्या पोरांना शिक्षा म्हणून संगीत शिकायला लावा, दुरुस्तीला बसवा, असं बरेच जण सुचवतात. ऐकायला छान वाटतं. बाल न्याय मंडळाला समाजसेवेची कामं सांगण्याचा अधिकार आहे आणि ते योग्य ते करतील. पण माझ्या गाळ्यात शिक्षा भोगायला आलेला पोरगा मला नको. वादी ओढताना मन जागेवर नसेल तर बोट कापतं. आपणहून कुणी आला तर त्याला स्टूल आहे.

आता मूळ तक्रारीकडे. वाद्यं हलवल्यानंतर काही दिवसांनी चिटणीस आणि मी पोलिस ठाण्यात गेलो, निदान ती जर्मन पेटी उघडून पुसू द्या अशी विनंती करायला. मुद्देमालाची खोली मागच्या अंगाला आहे. एक खिडकी, ती पावसामुळे बंद. गोण्या जमिनीवर, भिंतीला टेकून, आणि भिंतीला पोपडे. एका गोणीला आतून घाम आला होता. प्लास्टिकवर थेंब दिसत होते. पेटीच्या भात्याला कुठे सरस असतो, कुठे चामडं. अशा ओलीत सरसाला बुरशी धरते, सांधे सुटतात, कसर लागते. चपड्याचं पॉलिश पांढरं पडतं. आणि भोपळ्याच्या कपच्या? ओल पिऊन प्रत्येक कपची आपापल्या तऱ्हेने वाकते. मग त्या एकमेकींना भिडत नाहीत. मघाशी म्हटलं तो चांगला सांधला जाणारा भोपळा मग सांधता येत नाही, नुसता चिकटवता येतो.

मुद्देमाल कारकून भला माणूस होता. त्याने आमच्यासमोर दोन गोण्या उचलून बाकावर ठेवल्या. पण सील तोडायला तो तयार नव्हता आणि त्याने तयार असूही नये. वरून लेखी आणा, आत्ता देतो, म्हणाला.

एक वकीलबाई मुलाच्या तबल्यासाठी माझ्याकडे येतात. त्यांनी सांगितलं ते इथे देतो, कारण वर्गाच्या लोकांना ते कुणीच सांगितलं नव्हतं आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४९७ आहे. मुद्देमाल न्यायालयापुढे आला की चौदा दिवसांत त्याचं वर्णन लिहायचं, फोटो आणि व्हिडिओ काढायचे, आणि त्यानंतर तीस दिवसांत तो कुणाला द्यायचा याचा हुकूम करायचा. माल न्यायालयात आलेलाच नसेल, नुसती जप्तीची खबर दिलेली असेल, तर कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. आणि सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात २००२ सालीच सांगून ठेवलंय की माल ठाण्यात विनाकारण ठेवू नका, पंचनामा करा, फोटो काढा, हमीपत्र घ्या आणि ज्याचा त्याला देऊन टाका. त्या निकालात ठाण्यांच्या आवारात सडणाऱ्या गाड्यांचा विचार झालाय. पेटी-तंबोऱ्याचा विचार तिथे कुणी कशाला करेल, पण नियम तोच लागू पडतो. मोटारसायकलला गंज चढायला जेवढे दिवस लागतात, त्याच्या निम्म्यात भाता सुटतो.

चिटणीसांनी अर्ज केलाय. पहिल्या तारखेला तपास अधिकारी बंदोबस्ताला होते. दुसऱ्या तारखेला पोलिसांचं म्हणणं दाखल झालेलं नव्हतं. यात कुणाचा खोडसाळपणा आहे असं मी म्हणत नाही. मुंबईत पावसाळ्यातले सण आणि बंदोबस्त यांची गर्दी असते, आणि ठाण्यातल्या माणसांपुढे खून-दरोड्यांच्या फायली असताना पेटीची फाईल खाली जाणारच. म्हणूनच हे काम एका साहेबाच्या मर्जीवर राहू नये. पुराव्यासाठी काय हवं आहे? फोटो आहेत, व्हिडिओ आहे, ब्लेड आहे, उचकटलेली कडी आहे. खटला उभा राहील तेव्हा न्यायालयात कुणी ती पेटी वाजवून बघणार नाही.

काहींनी विचारलं, वर्गाने सीसीटीव्ही का लावला नाही, विमा का उतरवला नाही. अहो, महिन्याची फी किती असते अशा वर्गांची ते कधी विचारलंत का? या शहरात संगीत शिकवणं हा पहिल्यापासून उसन्या जागेतला धंदा. थोर गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला १९०१ साली सुरू केलेलं गांधर्व महाविद्यालय १९०८ साली मुंबईत आणलं. एवढा मोठा माणूस, पण इथली इमारत त्यांच्याही हातात राहिली नाही, कर्जात गेली. आमच्या परळच्या वर्गाला दोन खोल्या संध्याकाळपुरत्या मिळतात हेच पुष्कळ. नवी कडी बसवली आहे, जरा जाड बसवली आहे, एवढं आपल्या हातात.

मदतीबद्दल बोललं पाहिजे. लोक चांगले आहेत, फोन येताहेत. एका पुढाऱ्यांच्या कार्यालयातून चार नव्या पेट्या देऊ केल्यात, अट एवढीच की पुढच्या फळीवर साहेबांचं नाव येईल. चिटणीस द्विधा मनःस्थितीत आहेत. माझं मत त्यांना सांगितलंय, इथेही सांगतो: आत्ता नवं काही घेऊ नका. नव्या पेट्या आल्या की जुन्या विसरल्या जातील, अर्जाचा पाठपुरावा सुटेल, आणि वर्षभराने कुणीतरी ती जर्मन पेटी गोणीसकट भंगारात देईल. कुणी इलेक्ट्रॉनिक तंबोरा दिलाय, तो घेतला, चांगलं केलं. त्याला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. तारा लावायला न शिकलेल्या मुलाला तो उपयोगी पडतो. पण तारा लावायला शिकणं हाही अभ्यासाचाच भाग आहे, आणि त्याला तारा असलेलं वाद्य लागतं. जोड (मधल्या दोन तारा) जुळले का, घोडीवर तारेखाली जवारीचा दोरा कुठे ठेवला की झंकार उघडतो, हे बटणावर कुठून कळणार?

वर्ग बंद पडलेला नाही. मी एका संध्याकाळी मुद्दाम वर गेलो. मुलं सतरंजीवर बसून हाताने टाळी-खाली धरत तीनताल म्हणत होती. एका मुलाने मागच्या पायरीवर मोबाईल उभा करून त्यावर तंबोरा लावला होता, मध्येच कुणाचा तरी फोन आला आणि षड्ज बंद पडला, सगळे हसले. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या हिवाळी परीक्षेला यातली बरीच मुलं बसणार आहेत. तबल्याच्या मुलांना आतापासून हात ठेवायला वाद्य हवं. पखवाजावर सगळ्यांनी आळीपाळीने बोटं मारून पाहिली, पण पखवाजाचा हात वेगळा. बाईंनी ते बंद केलं, ठीकच केलं.

गृहखात्याला आणि मुंबई पोलिसांच्या वरिष्ठांना माझं मागणं असं. वाद्यं, जुनी पुस्तकं, चित्रं असल्या ओलीने बिघडणाऱ्या वस्तू गुन्ह्यात फुटल्या असतील, तर फोटो-पंचनाम्यानंतर त्या तपास अधिकाऱ्यांनी स्वतःहून मालकाला हमीपत्रावर देण्याचा प्रस्ताव न्यायालयापुढे ठेवावा, मालक अर्ज करेपर्यंत थांबू नये. आणि माल ठेवणं भागच असेल तर प्लास्टिक नको. सुती चादर, लाकडी फळी, जमिनीपासून वीतभर वर. चुरा झाडून टाकू नये, तोही वस्तूचाच भाग धरावा. याला फारसा खर्च नाही. पंचनाम्याच्या वेळी त्या वस्तूचा एखादा कारागीर बोलावला तर बरंच निभावेल. आम्ही लांब नसतो. दादरपासून गिरगावपर्यंत प्रत्येक स्टेशनाजवळ एखादा पेटीवाला, एखादा तबलेवाला आहे, आणि ठाण्यातून फोन आला तर पैसे न घेता जाईल.

वाचकांनी पैशांऐवजी दुसरं काही द्यावं. जुन्या सुरांची मोडकी पेटी कुणाच्या माळ्यावर, आजोबांच्या खोलीत, नाटक मंडळाच्या गोदामात पडून असेल तर ती आम्हाला पाहायला बोलवा. आतले सूर शाबूत असतील तर कळंक लागलेल्यांच्या जागी ते बसवता येतील. वाळलेला मोठा भोपळा कुणी जपून ठेवला असेल तर तोही. मात्र एक विनवणी आहे: द्यायच्या आधी पेटी धुऊ नका, पॉलिश करू नका, तेल घालू नका, आणि आत झुरळं असली तरी औषध फवारू नका. आहे तशी, जुन्या चादरीत गुंडाळून द्या.

अर्जाची पुढची तारीख या महिनाअखेरीस आहे.

आपला,
एक वाद्यदुरुस्ती कारागीर, लालबाग, मुंबई
(नाव आणि पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, कृपया छापू नये.)